अल्गोरिदममधला 'रिदम' खोटा आहे

इथल्याच इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका पोराने विचारलंय की अल्गोरिदम आणि प्रोग्राम यात फरक काय आणि अल्गोरिदमला मराठीत काय म्हणायचं. सोबत हेही लिहिलंय की क्लासमधे सांगितलं, शब्दात 'रिदम' आहे ना, म्हणजे लय, कॉम्प्युटर लयीत काम करतो म्हणून अल्गोरिदम. राजेहो, हे नागपुरात मी इतक्यांदा ऐकलं की आता डोकं फिरते.

फरकाचं पटकन सांगतो. अल्गोरिदम म्हणजे काम करायची पद्धत, प्रोग्राम म्हणजे तीच पद्धत सी नाहीतर पायथनसारख्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून काढलेली. शाळेत भागाकाराने मसावि काढलाच असशील. 48 ला 18 ने भाग, बाकी 12. मग 18 ला 12 ने, बाकी 6. मग 12 ला 6 ने, बाकी 0, थांब, मसावि 6. हा युक्लिड या ग्रीक गणित्याचा अल्गोरिदम, इसवी सनापूर्वी 300 च्या आसपासचा, कुठला कॉम्प्युटर तेव्हा! बाकी दर वेळी लहान होत जाते म्हणून तो थांबतोच, आणि जे कधी थांबतच नाही त्याला अल्गोरिदम म्हणत नाहीत.

आता खरी मजा. अल्गोरिदम हे मुळात माणसाचं नाव आहे! नवव्या शतकात, खलिफा अल्-मामूनच्या काळात, बगदादला एक मोठा गणिती होता, अल्-ख्वारिझ्मी. ख्वारिझम म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेचा मुलूख, आज उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानात येतो, आणि शेवटची ती 'ई' म्हणजे आपलं 'कर', नागपूरकर तसा ख्वारिझमकर. म्हणजे जगभरची पोरं पहिल्या सेमिस्टरला एक आडनाव पाठ करतात. या ख्वारिझमकराने भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं, मूळ अरबी प्रत हरवली, बाराव्या शतकातलं लॅटिन रूप तेवढं उरलं, त्यात त्याचं नाव झालं अल्गोरिझ्मी, आणि पुढे लोक माणसाला विसरले न् त्या हिशेबाच्या पद्धतीलाच अल्गोरिझम म्हणायला लागले. मग ग्रीकमधे संख्येला अरिथमॉस म्हणतात त्याच्या ओढीने शेपटाचं 'रिथम' झालं. लॉगरिदममधला रिथम मात्र अस्सल, तो शब्द नेपियर या स्कॉटिश गणित्याने 1614 मधे लोगोस आणि अरिथमॉस जोडून मुद्दाम बनवला. गाण्यातला रिदम तर तिसराच, त्याचा या दोघांशी काही संबंध नाही. जुन्या युरोपी पंडितांनीही अंदाजाने ठोकून दिलंय, कोणी ग्रीक 'दुखणं' अधिक 'संख्या' अशी फोड केली, कोणी स्पेनमधल्या कास्तीलचा अल्गोर नावाचा राजाच उभा केला. फोड दिसली की अर्थ लावून मोकळं व्हायचं, क्लासवाले तेच करतात.

त्याच वाटेने आपलं शून्यही गेलं. ब्रह्मगुप्ताने 628 मधे शून्याने बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम दिले, अरबांनी शून्यचा अर्थ घेऊन 'सिफ्र' म्हणजे रिकामं असं भाषांतर केलं, फिबोनाची या इटालियन गणित्याने 1202 च्या पुस्तकात त्याचं झेफिरम केलं आणि इटालियनमधे घासून घासून झालं झीरो. त्याच सिफ्रचा दुसरा मुलगा सायफर, म्हणजे गुप्तलिपी, जो तुला पुढे क्रिप्टोग्राफीत भेटेल. म्हणजे नागपुरात सीताबर्डीजवळ आपला झीरो माइलचा खांब आहे त्या नावात आणि ॲरेच्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या घरांच्या यादीच्या, पहिल्या घराला सीमधे जो झीरो नंबर देतात त्यात एकच शब्द आहे, आणि अर्थाने तो आपल्याच शून्याचा आहे, मला तर याचं भारी अप्रूप वाटतं.

हां, मराठी शब्द. परिभाषावाले 'कलनविधी' म्हणा म्हणतात, मला अजिबात पटत नाही. कलन म्हटलं की अवकलन, समाकलन, म्हणजे कॅल्क्युलस डोळ्यासमोर येतो, आणि विधी म्हटलं की पूजा. मसाविच्या उदाहरणात कलनाचा काय संबंध, सांगा ना! काऊन नवीन शब्द घडवायचा, घरात 'रीत' पडलेली असताना? गणिताच्या पेपरात आपण म्हणतोच, उत्तर चुकलं पण रीत बरोबर होती, रीतीचे मार्क मिळाले. उत्तर वेगळं, रीत वेगळी, रीत पायरीपायरीने आणि कोणीही केली तरी तीच, अल्गोरिदममधे याहून जास्त काय असतं? संस्कृतातही रीति म्हणजे वाहणं, चालण्याची वाट. तुझा पेपर इंग्रजीत आहे, तिथे अल्गोरिदमच लिही भाऊ, पण होस्टेलवर मित्राला समजावताना 'सॉर्टिंगची (क्रम लावायची) रीत' म्हणून बघ, त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही.