पुनर्मूल्यांकनाबद्दल माहिती अधिकारात अर्ज केला, 'प्रश्नार्थक' म्हणून फेटाळला. आता काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षेत एका पेपरात नापास झालात, पुनर्मूल्यांकनातही गुण तेवढेच राहिले. म्हणून माहिती अधिकारात अर्ज केलात आणि तीन गोष्टी विचारल्यात. मला कमी गुण का दिले, पेपर कोणत्या प्राध्यापकांनी तपासला, आणि वर्गातल्या बाकीच्यांना किती गुण पडले. महिन्याभराने एका ओळीचं उत्तर आलं, 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' अपील करू की सोडून देऊ, आणि अपील केलं तर पुढच्या परीक्षेत डूख धरतील का, असं तुम्ही विचारता.

सोडून देऊ नका. पण तोच अर्ज पुढे रेटतही बसू नका.

मी कोल्हापुरात वकिली करते. विद्यार्थी माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा तुमच्यासारखेच, नकाराचं पत्र हातात घेऊन. त्यांची मागणी रास्त असते, पण अर्जात जाब विचारलेला असतो आणि कायदा मात्र कागद देतो. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मधली 'माहिती' म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात आधीपासून असलेला अभिलेख: उत्तरपत्रिका, नोंदवही, टिपणी, इतिवृत्त, पत्र, आदेश. 'असं का केलं' याचं समर्थन माहितीत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे तुमच्या पहिल्या मुद्द्यापुरतं ते उत्तर टिकेल.

दुसरा मुद्दा, परीक्षकाचं नाव. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसईच्या प्रकरणात निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे, पण परीक्षकाची ओळख झाकून. कुणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल अशी माहिती न देण्याची मुभा देणारं कलम ८(१)(छ) तिथे लागू पडतं. मला हे पटतं. त्याच गावात राहणाऱ्या, त्याच स्टँडवर एसटीची वाट बघणाऱ्या माणसाने निर्भयपणे पेपर तपासायचा असेल तर त्याचं नाव बाहेर येता कामा नये. नावाचा नाद सोडा.

तिसरा मुद्दा, इतरांचे गुण. हा रस्ता आता फारच अरुंद झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका सरकारी भरतीत इतर उमेदवारांचे गुण द्यायला सांगितलं होतं. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आधीच्या कलमात व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येत होती. आता तिथे नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. कलम ८(२) मधली जनहिताची वाट शिल्लक आहे, पण ती एका पेपरच्या गुणांसाठी उघडेल असं मला वाटत नाही. या बदलाने नागरिकांचं मोठं नुकसान झालं आहे असं माझं ठाम मत आहे, पण तुमचं काम त्यावाचून अडत नाही.

तुमच्या अर्जात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. तुम्ही स्वतःची उत्तरपत्रिका मागितलेलीच नाही! ती मागण्याचा हक्क थेट सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. म्हणून नवा अर्ज याच आठवड्यात करा. घाई अशासाठी की उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत काढतात, आणि २०११ च्याच निकालात म्हटलं आहे की अभिलेख जपून ठेवण्याची मुदत असेपर्यंतच तो मागता येतो. अर्जासोबत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना वेगळं साधं पत्र द्या: 'माझा माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित आहे, तो व त्यावरील अपील निकाली निघेपर्यंत माझी उत्तरपत्रिका नष्ट करू नये.' त्या पत्राची पोहोच अर्जाच्या पोहोचेइतकीच जपून ठेवा.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा:

'अमुक परीक्षा, अमुक विषय, बैठक क्रमांक अमुक. १) माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची, पुरवण्यांसह, साक्षांकित प्रत, परीक्षकांची नावे व सह्या झाकून. २) पुनर्मूल्यांकनात दिलेल्या प्रश्ननिहाय गुणांच्या तक्त्याची प्रत. ३) सदर उत्तरपत्रिका पुनर्मूल्यांकनासाठी पाठवल्याची व परत आल्याची नोंद असलेल्या नोंदवहीच्या पानाची प्रत, इतर विद्यार्थ्यांचा तपशील व परीक्षकांची नावे झाकून. ४) पुनर्मूल्यांकनाबाबत सध्या लागू असलेल्या नियमांची प्रत.'

यात एकही प्रश्नचिन्ह नाही, हे बघा. 'झाकून' हा शब्द मुद्दाम घातला आहे. कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावाच लागतो, त्यामुळे एका नावासाठी अख्खं पान अडवता येत नाही. या नव्या अर्जातला तिसरा मुद्दा तर तुमच्या 'का'च्या फार जवळ जातो. उत्तरपत्रिका पुनर्मूल्यांकनासाठी खरोखर पाठवली का, कोणत्या तारखेला गेली आणि कधी परत आली, हे त्या पानावर दिसतं. जाब विचारून जे मिळालं नसतं ते नोंदवहीच्या एका ओळीत मिळतं.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून यात दुसरं काही कोंबू नका. अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. इथे कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलाच्या परिसरात मिळून जाईल. प्रतीला पानामागे दोन रुपये. फोटोकॉपीसाठी विद्यापीठाचं स्वतःचं शुल्क वेगळं आणि जास्त असतं, आणि 'आमच्या नमुन्यात अर्ज करा, आमचंच शुल्क भरा' असं सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरी संस्थेच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे की दोन्ही मार्ग खुले आहेत आणि माहिती अधिकारातून मागितलं तर त्याच नियमांचं शुल्क लागतं. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर शुल्कच नाही. तीस दिवस उलटून गेले तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. मात्र शुल्क भरण्याचं पत्र त्यांनी वेळेत पाठवलं असेल तर पत्र पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत. पत्र आलं की लगेच भरा.

अर्ज परीक्षा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावाने आवक-जावकमध्ये द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. चंदगड, आजऱ्याकडून येणाऱ्यांचा अख्खा दिवस जातो, त्यांनी स्पीड पोस्टाने पाठवला तरी तेवढाच चालतो.

आता जुन्या अर्जाचं अपील. तेही कराच, कारण ती एक ओळ कायद्यात बसत नाही. कलम ७(८) प्रमाणे नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण हे कळवावं लागतं. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याला कोणतं कलम लावलं ते लिहिलेलंच नाही. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, अपिलाच्या नमुन्यात म्हणजे जोडपत्र 'ब'मध्ये, वीस रुपयांचं तिकीट लावून प्रथम अपील करा. निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा. सुनावणीला स्वतः जा. तिथे 'माझ्यावर अन्याय झाला' हे कितीही खरं असलं तरी त्यावर वेळ घालवू नका. 'मुद्दा दोन व तीनला लावलेलं कलम सांगा, आणि मी परीक्षकाचं नाव सोडायला तयार आहे, उत्तरपत्रिकेची प्रत द्यावी' एवढंच शांतपणे म्हणा. समोरचे अधिकारी बहुतेकदा वरिष्ठ आणि समजूतदार असतात. वाद मिटेल असा रस्ता दिसला तर ते तो घेतात.

दुसरं अपील नव्वद दिवसांत, आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, पण प्रलंबित अपिलांचा ढीग मोठा आहे, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. आयोगानेही चुकीचं ठरवलं तर उच्च न्यायालय. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांसाठी ही फार मोठी सोय झाली आहे.

डूख धरतील का, या प्रश्नाला मी हलक्यात घेत नाही. गावाकडून आलेल्या, घरात पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला ही भीती खरीच वाटते. कायद्याने एवढं केलं आहे की कलम ६(२) प्रमाणे अर्जाचं कारण विचारता येत नाही, संपर्काच्या पत्त्याशिवाय वैयक्तिक तपशीलही मागता येत नाहीत. शिवाय तुमचा पुढचा पेपर तपासणाऱ्या माणसापुढे तुमचा अर्ज ठेवलेला नसतो. स्वतःची उत्तरपत्रिका सोडून बाकीची कागदपत्रं, म्हणजे नियम, इतिवृत्त, खर्चाचे तपशील, कोणीही नागरिक मागू शकतो. तुम्हाला धाकधूक असेल तर तो अर्ज आईवडिलांच्या नावाने करा.

हेच उत्तर वाचणाऱ्या कुणाचा वाद विद्यापीठाशी नसून खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाशी असेल, तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. अशी महाविद्यालयं 'आम्हाला हा कायदा लागू नाही' म्हणून अर्जच घेत नाहीत. पण कलम २(च) मध्ये, सार्वजनिक प्राधिकरणाला इतर कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते तीही माहितीच धरली आहे. संलग्नता देताना विद्यापीठाची समिती महाविद्यालयात जाऊन पाहणी करते, अहवाल देते; मान्यताप्राप्त शिक्षकांची यादी असते. ते कागद विद्यापीठाच्या संलग्नता विभागात असतात. तिथून मागा. फाईल पाहायला मिळाली तर टिपणीचा भाग नीट वाचा. लिपिकाने काय मांडलं, अधीक्षकांनी त्यावर काय लिहिलं, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव यांच्याकडून कुलसचिवांपर्यंत जाताना कुठे शेरा बदलला, हे सगळं त्या पानांवर सह्यांसकट असतं. टिपणीही अभिलेखातच मोडते आणि पाहणीचा हक्क कलम २(ञ) मध्ये आहे. एका विनाअनुदानित महाविद्यालयातल्या मुलांनी असंच केलं होतं. समितीच्या अहवालातली शिक्षकांची यादी त्यांनी वेळापत्रकाशेजारी ठेवली आणि वर्गावर कधीच न आलेली नावं त्यांना सापडली. त्यानंतर व्यवस्थापन त्यांच्याशी बोलायला तयार झालं.

तुमच्याकडे परत येते. उत्तरपत्रिकेची प्रत हातात आली की आधी पुरवण्या मोजा, मुखपृष्ठावर लिहिलेल्या संख्येशी जुळतात का पाहा. मग प्रत्येक उत्तरासमोर गुण आहेत का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का, आतले गुण मुखपृष्ठावरच्या चौकटीत बरोबर उतरले आहेत का, आणि बेरीज. यातली चूक सापडली तर ती सिद्ध करायला कुणाचं मत लागत नाही; प्रत जोडून परीक्षा संचालकांकडे लेखी दुरुस्ती मागा. ते ऐकलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिथेही नाही झालं तर विद्यापीठाचे लोकपाल, ज्यांची नेमणूक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी बंधनकारक केली आहे. माहिती आयोग गुण बदलून देऊ शकत नाही, तुमची गुणांची लढाई या दुसऱ्या दारातच होईल. आणि उत्तर फक्त कमी गुणांचं वाटलं, मोजणी मात्र बरोबर असली, तर त्या विषयाच्या दुसऱ्या महाविद्यालयातल्या एखाद्या अनुभवी सरांना किंवा मॅडमना ते दाखवा आणि पुढच्या परीक्षेची तयारी त्यांच्या सल्ल्याने सुरू करा. नकाराचं पत्र मिळाल्याची तारीख खाली लिहिलीत तर अपिलाचा शेवटचा दिवस मी मोजून देते.