बाभळीला अडकलेला कापूस

प्रिय बेटा,

तुझ्या प्रकल्पाचा मसुदा काल रात्री वाचून काढला. विषय चांगला निवडलास. पण पहिल्याच पानावर निकाल देऊन मोकळी झालीस: कन्या क्लस्टर या दीर्घिकांच्या मोठ्या समूहातल्या बटू, म्हणजे लहान, दीर्घिकांचं जे काही झालं ते सगळं रॅम प्रेशरने, म्हणजे वायूतून धावताना समोरून लागणाऱ्या दाबाने केलं. इतकी घाई नको.

रॅम प्रेशर तुला कळलंय, यात शंका नाही. तरी दिवाळीनंतर गावी आलीस की जिनिंगच्या रस्त्याने एक चक्कर मार. दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतील. वारा पार पडलेला असतो तेव्हाही. ट्रॅक्टर पळतो, म्हणून ट्रॉलीतल्या वरच्या कापसाला वारा लागतो. क्लस्टरमध्ये दीर्घिकांच्या मधल्या जागेत काही कोटी अंश तापलेला वायू असतो, आणि तो इतका विरळ की लिटरभर जागेत जेमतेम एखादा कण. पण दीर्घिका त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने धावते आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. हा दाब दीर्घिकेच्या गुरुत्वाच्या पकडीला भारी पडला की तिचा वायू सुटतो. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये मांडलेला हिशेब तो एवढाच. बटू दीर्घिकेची पकड मुळातच ढिली.

आयसी 3418 या कन्या क्लस्टरमधल्या बटू दीर्घिकेची चित्रं पुन्हा नीट बघ. दीर्घिकेत वायू उरलेला नाही, तारे जन्मायचे थांबलेत. आणि मागे सुटलेल्या शेपटीत मात्र नव्या ताऱ्यांचे निळे ठिपके. बाभळीला अडकलेल्या पुंजक्यातच सरकी रुजावी, तसं.

आता माझा आक्षेप. ट्रॉलीत कापसाखाली दगड ठेवला तर तो काय उडणार आहे? तारे म्हणजे ते दगड. रॅम प्रेशर त्यांना हलवत नाही. मग तुझ्या तक्ता 3 मधल्या दीर्घिकांच्या ताऱ्यांच्या चपट्या तबकड्या फुगल्या कशाने?

हा प्रश्न माझा नाही. विद्यार्थी असताना मी हेच लिहिलं होतं आणि तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘वायू गेला हे मान्य, ताऱ्यांना कोणी हात लावला?’ मी पाच मिनिटं फळ्याकडे बघत उभा होतो.

ताऱ्यांना हात लावते ती भरती-ओहोटीची ओढ. क्लस्टरचं एकूण गुरुत्व आणि शेजारून वेगाने जाणाऱ्या मोठ्या दीर्घिकांचे हिसके. अशा हिसक्यांनी तबकडी फुगते, हे 1996 मध्ये बेन मूर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर दाखवलं आणि त्याला हॅरॅसमेंट असं नाव दिलं. (नाव मला कधीच आवडलं नाही, पण रुळलंय.) या ओढीत बाहेरवर पसरलेलं, न दिसणारं कृष्णद्रव्य आधी जातं, तारे नंतर. फारच ओरबाडलं गेलं तर नुसता गाभा उरतो. एम60-यूसीडी1 हा असाच ताऱ्यांचा दाट पुंजका: 2014 मध्ये त्याच्या पोटात 2 कोटींहून जास्त सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर सापडलं. एवढ्याशा पुंजक्यात ते कुठून आलं असेल, तर तो कधीकाळी कितीतरी मोठ्या दीर्घिकेचा गाभा होता म्हणून.

तेव्हा प्रत्येक दीर्घिकेला दोन वेगळे प्रश्न विचार. वायू कुठवर उरलाय? कडेचा गेला आणि मधला निळा गाभा शिल्लक असेल, तर रॅम प्रेशरवर बोट ठेवायला हरकत नाही. तारे कसे फिरताहेत? अजून तबकडीसारखे फिरत असतील, तर ओढीने फार मोडतोड केलेली नाही. आयसी 3328 वरून साधी लंबगोल बटू दीर्घिका वाटते, पण 2000 साली तिच्यात पुसट सर्पिल भुजा सापडल्या. जुनी तबकडी अंगात लपवून बसलेली! रेडिओ निरीक्षणात हायड्रोजन दिसला नाही, तर ‘आढळला नाही’ लिहून पुढे जाऊ नकोस. किती असता तर नक्की दिसला असता, तो आकडा दे. तेही मोजमापच आहे.

प्रस्तावनेतली गाव सोडून पुण्याला गेलेल्या पोरांची उपमा मात्र काढ. ठेवायचीच असेल तर पुरती वापर: पोरं आधी वर्धेला, मग नागपूरला, मग पुण्याला जातात. दीर्घिकाही आधी छोट्या गटात वायू गमावून मग क्लस्टरमध्ये येतात. आणि कडेला दिसलेली प्रत्येक दीर्घिका नवखी नसते; मधून एकदा आरपार जाऊन पलीकडे निघालेलीही असते. तुझ्या आलेख 2 मध्ये केंद्रापासूनचं अंतर म्हणजेच आल्याचा काळ असं गृहीत धरलंय, ते तिथेच कोसळतं.

चैत्रात ये. वावरात दुर्बीण लावू. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला एम87 या कन्या क्लस्टरमधल्या अवाढव्य दीर्घिकेचा धुरकट ठिपका दिसतो, 5 कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवरचा. तुझ्या बटू दीर्घिका काही दिसायच्या नाहीत. तक्ता 3 छापून आण, रात्री लाइटचा भरवसा नाही.

तुझा,
सर