गोधडी टांगायची कशी, फोटो काढायचा कसा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या आजेसासूबाईंनी शिवलेली गोधडी साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. आत नऊवारी लुगड्यांचे थर आहेत. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ती भिंतीवर लावायची आहे. सुतार म्हणतो, वरच्या काठाला चार रिंगा लावून खिळ्यांना अडकवू. चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही चालणार. एवढी गोधडी दोन-तीन किलोंची सहज भरते, घरच्या काट्यावर ठेवून बघा. ते सगळं वजन चार रिंगांवर आलं की रिंगेपाशी कापड फाटतं आणि दोन रिंगांच्या मधे झोळ पडतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गोधड्यांत वरचे कोपरे उसवलेल्या बऱ्याच असतात. विचारलं की कळतं, कुणी रिंगांना लटकवली होती, कुणी कपड्यांच्या चिमट्यांनी.

वजन काठाच्या सगळ्या लांबीवर सारखं वाटलं गेलं पाहिजे. त्यासाठी मागच्या बाजूला कापडाची नळी शिवायची. मांजरपाट घ्या, आधी धुऊन आटवून घ्या. आठ-नऊ इंच रुंदीची पट्टी दुमडून तिची साधारण चार इंची नळी करा आणि दोन्ही टोकांना गोधडीपेक्षा इंचभर आखूड ठेवा, म्हणजे पुढून ती दिसत नाही. नळी वरच्या काठापासून अर्धा इंच खाली, हातानेच शिवा. मशीन मारू नका. मशीनच्या टाक्याने जुनं कापड कापल्यासारखं एका रेषेत फाटतं. सुई फक्त मागच्या अस्तरातून नेऊ नका, आतल्या दोन-तीन थरांत जाऊ द्या. नाहीतर सगळा भार एकट्या अस्तरावर येतो आणि ते सुटून येतं. अधूनमधून एखादा टाका आरपार घ्या आणि तो जुन्या धावदोऱ्याच्या ओळीतच लपवा.

आणखी एक गोष्ट शिंप्यालाही सांगावी लागते. नळीचा भिंतीकडचा पदर अर्धा इंच सैल ठेवायचा. तो ताणून शिवला की दांड्याची जाडी पुढे येते आणि गोधडीच्या कपाळावर आडवा फुगवटा दिसतो. सैल ठेवला की फुगवटा भिंतीकडे जातो.

दांडा पडद्याचा, स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा चांगला. लाकडीच हवा असेल तर पॉलिश करून वर सुती कापड गुंडाळा, कारण उघड्या लाकडातल्या आम्लाने सुती कापड पिवळं पडतं. ब्रॅकेट असे निवडा की गोधडी आणि भिंत यांच्यात इंचभर हवा खेळेल.

तुमची गोधडी मी आडवी लावली असती. साडेसात फुटांचा काठ वर आला की भार जास्त लांबीवर वाटला जातो आणि खाली लोंबणारी उंची पाच फुटांवर येते. फ्लॅटच्या भिंतीलाही ते सोसतं, खाली सोफा ठेवायला जागा उरते. सोफ्यावर बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल गोधडीला लागणार नाही एवढी ती वर घ्या.

पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. संग्रहालयांत जुन्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. आपल्या घरात दिवसा खिडकीजवळ त्याच्या कितीतरी पट असतो. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून बारा महिने टांगून ठेवू नका. दिवाळीला लावा, संक्रांत झाली की उतरवा.

हे सगळं करण्याआधी एक तपासणी करा. दोघींनी गोधडी खिडकीसमोर उभी धरा आणि मागून येणाऱ्या उजेडात नीट बघा. वरचा कपडा विरून आतलं लुगडं दिसत असेल, घड्यांच्या रेषांवरून तिरीप येत असेल, तर ती टांगूच नका. दिवाणावर आडवी पसरा. जीर्ण कापडाला झोपून राहणंच सोसतं.

प्रश्न : आम्ही बचत गटातल्या बायका वाकळा शिवतो आणि मोबाइलवर फोटो पाठवून विकतो. फोटोत वाकळ वर निमुळती, खाली रुंद दिसते. रंगही वेगळे येतात, गिऱ्हाइकं तक्रार करतात. आमच्याकडे मोठा कॅमेरा नाही. (सांगली जिल्हा)

उत्तर : मोबाइल पुरतो. अडचण आहे ती फोन किती अंतरावर, किती उंचीवर धरता आणि उजेड कुठून येतो यात.

आधी टांगणं. दोरीवर टाकू नका. दोरी मधे खचते आणि वरचा काठ वाकतो. दोघींनी दोन कोपरे धरले तर कोपरे ताणले जातात, मधला काठ खाली येतो, शिवाय बोटं दिसतात. सरळ बांबू घ्या, आधी सांगितलेल्या नळीसारखी एक पट्टी कच्च्या टाक्यांनी शिवा आणि बांबू त्यातून ओवून दोन्ही टोकांना बांधा. फोटो झाला की टाके उसवायचे.

आता अंतर. सगळी वाकळ मावावी म्हणून तुम्ही जवळूनच ०.५ झूमवर काढत असणार. त्याने कडा ओढल्यासारख्या येतात. सात फुटी वाकळ, भोवती थोडी मोकळी जागा धरून, फोनच्या १ वर साधारण सात फुटांवरून मावते. पण मी २ वर ठेवून चौदा फूट मागे जाते. लांबून काढलेल्या फोटोत कडा जास्त सरळ येतात. घरात एवढी जागा नसते, अंगणात किंवा शाळेच्या व्हरांड्यात असते.

मग उंची. वाकळ निमुळती दिसते कारण फोन वाकळीच्या मध्याच्या वर किंवा खाली असतो आणि मग तुम्ही तो कलता धरता. वाकळ सात फूट उंच आणि जमिनीपासून फूटभर वर टांगली असेल, तर तिचा मध्य साडेचार फुटांवर येतो. लेन्स त्याच उंचीवर हवी. स्टँड नसेल तर स्टुलावर डबे रचा.

फोन बरोबर समोर आहे का, हे आरशाने कळतं. मुलांच्या पाटीवर एक छोटा आरसा चिकटवा. एकीने ती पाटी वाकळीच्या बरोबर मध्यावर सपाट टेकवून धरायची. दुसरीने फोनच्या पडद्यात बघायचं. आरशात फोनची लेन्सच दिसली आणि आरसा पडद्याच्या मध्यावर असला, की फोन जागेवर आहे. आरशात तुमची हनुवटी किंवा आभाळ दिसलं तर फोन सरकवा. पाटी काढा, टायमर लावा, हात न लावता फोटो घ्या. पुस्तकांची पानं आणि चित्रं टिपणारे छायाचित्रकारही ही युक्ती वापरतात.

उजेड. भर उन्हात काढू नका, फ्लॅश तर कधीच नको. समोरून मारलेल्या उजेडाने टाका पुसला जातो आणि वाकळ छापील चादरीसारखी दिसते. तुमच्या वाकळीची किंमत टाक्यांत आहे, तो दिसलाच पाहिजे. टाक्याला सावली हवी आणि सावलीला बाजूचा उजेड. ढगाळ दिवशी किंवा सकाळी सावलीच्या जागी एक पूर्ण फोटो घ्या, रंगांसाठी. दुसरा खोलीत घ्या. वाकळ खिडकीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे उजेड तिच्यावरून तिरपा सरकत जाईल. धावदोऱ्याच्या ओळी एकदम उठून येतात, दोन ओळींमधलं कापड फुगलेलं दिसतं. खिडकीपासून दूरचा भाग काळा पडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर ताणून धरा, उजेड परततो.

ट्यूबलाइट बंद ठेवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की अर्धी वाकळ निळसर आणि अर्धी पिवळसर येते, तक्रारींचं मूळ बहुतेक तिथेच असेल. वाकळीच्या कोपऱ्याशी कोरा पांढरा कागद ठेवून एक जादा फोटो घ्या. फोनमध्ये रंग दुरुस्त करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंत बदल करा आणि तेवढाच बदल बाकीच्या फोटोंना लावा. लाल आणि राणी रंगाला फोन भडक करतो. पडद्यावर बोट दाबून उजेड थोडा उतरवला की लालातले टाके परत दिसू लागतात.

जवळून एक फोटो हवाच. वाकळीचा तळहाताएवढा भाग, शेजारी शिवणारीचं बोट. मागची बाजूही दाखवा, जाणकार गिऱ्हाईक टाका मागूनच पारखतं.

आणि एक कळकळीची विनंती. फोटो काढल्यावर ॲपमध्ये चारही कोपरे ओढून वाकळ काटकोनात बसवू नका. हाताने शिवलेली वाकळ एका बाजूला ८४ इंच भरते, दुसऱ्या बाजूला ८६. टाके घालत गेलं की कापड आक्रसतं, ते सगळीकडे सारखं आक्रसत नाही. काठ थोडा नागमोडी होतो. ती वाकळीची स्वतःची ठेवण आहे. फोनच्या कलण्याने आलेला निमुळतेपणा जरूर काढा, वाकळीचा वाकडेपणा ठेवा. माप लिहिताना दोन्ही बाजूंचं लिहा. पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाला फोटोतलीच वाकळ दिसली पाहिजे.

प्रश्न : हल्याळजवळच्या एका सिद्दी बाईंकडून आम्ही कवंद, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, विकत घेतली. चार कोपऱ्यांना कापडाचे छोटे त्रिकोण बाहेर आलेले आहेत. फोटो आणि फ्रेमसाठी ते आत दुमडावेत का? (बेळगाव)

उत्तर : कृपा करून दुमडू नका. ते त्रिकोण म्हणजे फुलं. सिद्दी बायका कवंद कडेपासून शिवायला घेतात आणि आत मध्याकडे येतात, रंगीत तुकडे लावत लावत, आणि कोपऱ्यांवर फुलं नसली तर त्यांच्या लेखी कवंद अपुरी असते. उत्तर कन्नडमधल्या या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांतले बरेच पोर्तुगिजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते. तिथून निसटून ते या रानांत आले. फोटोत चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडा, मागे एकरंगी फिकं कापड लावा, म्हणजे फुलं सुटी दिसतील. शक्य असेल तर गच्चीवरून किंवा जिन्याच्या वरच्या वळणावरून खाली अंथरलेल्या कवंदीचा फोटो घ्या. कवंद जमिनीवर पसरूनच शिवली जाते, त्यामुळे वरून पाहिल्यावर तिची मांडणी नीट उलगडते.

फ्रेम नको. काच कापडाला टेकली की आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते.

प्रश्न : सासूबाईंना गोधडी भिंतीवर लावलेली आवडत नाही. त्या म्हणतात, अंगावर घ्यायची वस्तू, तिचा काय देखावा करायचा? मला मात्र ती कपाटात पडून राहिलेली बघवत नाही. (ठाणे)

उत्तर : मला दोघींचंही म्हणणं पटतं, पण कौल तुमच्या बाजूने देते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. २००२ मध्ये तिथेच अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या लागल्या. त्या त्यांनी शेतात घालून फाटलेल्या कपड्यांतून शिवल्या होत्या, थंडीसाठी. अंगावर घेण्यासाठी शिवल्या म्हणून त्या बघण्याजोग्या नव्हत्या असं झालं नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवरही त्या आल्या.

आपल्याकडे चादर काढून पाहुण्यांना दाखवतात ती मशीनची रजई असते, गोधडी आतल्या खोलीत. ते मला खटकतं. रंगाशेजारी कुठला रंग ठेवायचा, इरकलीचा काठ कुठे वळवायचा, हे त्या बाईने एकटीने ठरवलेलं असतं. ते बघायला चार पावलं मागे जावं लागतं आणि अंगावर घेतलेली गोधडी तेवढ्या लांबून कधीच दिसत नाही.

सासूबाईंना मात्र एका कामासाठी बसवा. गोधडीचा पूर्ण फोटो मोठ्या आकारात छापून घ्या आणि त्यांच्या हातात द्या. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या परकराचा, हे त्यांना विचारून पेन्सिलीने त्या फोटोवर लिहीत जा. ही माहिती कापडावर कुठेही नाही, ती त्यांच्याकडेच आहे. तो छापील फोटो गोधडीबरोबर ठेवा. गोधडीच्या मागे मांजरपाटाच्या तुकड्यावर शिवणारीचं नाव आणि गाव दोऱ्याने काढून लावा, शाईने नको, ती पसरते.

प्रश्न : पावसाळ्यात टांगलेली गोधडी उतरवली तर ठेवायची कशी? घडी घालून लोखंडी पेटीत ठेवतो, पण कुबट वास येतो. (रत्नागिरी)

उत्तर : संक्रांतीनंतरही टांगलेली राहिली असेल, तर कोकणात ती मे महिन्यातच उतरवा, हवा दमट व्हायच्या आधी. मऊ ब्रशने धूळ झटका. सावलीत दिवसभर वारा लागू द्या. धुवायची झाली तर आधी रंग तपासा. ओला पांढरा कपडा प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा आणि डाग उतरतो का पाहा. एका जरी रंगाचा डाग उतरला तर धुणं सोडून द्या. भिजलेली गोधडी दुप्पट-तिप्पट जड होते, तिला दोरीवर वाळत घातलं की आतले टाके तुटतात. वाळवायची ती खाटेवर, आडवीच.

पेटीत घडी घालण्यापेक्षा गुंडाळी करा. कापडाच्या दुकानात पुठ्ठ्याच्या जाड नळ्या मिळतात, त्यावर धुतलेलं सुती कापड गुंडाळा, मग गोधडी. पुढची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे सुरकुत्या पडल्या तर त्या आतल्या बाजूला पडतात. वरून पुन्हा सुती कापड, प्लॅस्टिक अजिबात नको. डांबरगोळ्या गोधडीला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून शेजारी ठेवला तर चालतो, पण कसरीवर खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा उलगडून बघणं. गुंडाळी उभी ठेवू नका, कपाटावर आडवी ठेवा, आणि जागा नसल्याने घडीच करावी लागली तर दर दोन महिन्यांनी घडीची रेघ बदला.