त्याच कंपनीत, पण कंत्राटावर

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षे सात महिने कायम नोकरीत आहे. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) वार्षिक 18 लाख, मूळ पगार दरमहा 75,000 रुपये. राजीनामा देऊन दरमहा दीड लाखावर सल्लागार म्हणून तेच काम करावे, असे कंपनीने सुचवले आहे. ‘हातात जास्त पडेल’, असे एचआरचे म्हणणे आहे. होकार द्यावा का? – एक वाचक

उत्तर : हातात जास्त पडेल हे खरे, कारण भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आजवर आपल्या खात्यात परस्पर जमा होत होता, तोच आता रोख मिळणार आहे. पगारी रजा आणि गटविमा मात्र जातील, आणि त्यांची भरपाई या दीड लाखात कुठेही दिसत नाही.

पहिला मुद्दा तारखेचा. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी रकमेसाठी, पाच वर्षांची सलग सेवा लागते. चार वर्षे आणि 240 दिवस पुरेसे मानणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, परंतु त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पाच महिने थांबणे शहाणपणाचे. मूळ पगाराला 26 ने भागून 15 ने आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणले, की आपले सुमारे 2,16,000 रुपये होतात. घाई नेमकी आताच का, हे कंपनीला जरूर विचारावे.

दराबाबत आमचे मत स्पष्ट आहे : किमान चौथा हिस्सा वाढवून मागावा. मात्र तसे केल्यास वार्षिक बिले 20 लाखांपुढे जातील आणि जीएसटी नोंदणी करावी लागेल; तेव्हा ठरणारी रक्कम ‘जीएसटी वगळून’ असल्याचे करारात लिहून घ्यावे.

तांत्रिक सल्लागाराला मिळालेल्या रकमेपैकी निम्मीच उत्पन्न धरून कर भरण्याची सवलत मिळू शकते, आणि एचआरचा रोख बहुधा तिकडेच असावा. पण तोच साहेब, तीच हजेरी, तीच रजेची परवानगी राहिली, तर करारावर ‘सल्लागार’ लिहिल्याने नोकराचा व्यावसायिक होत नाही. न्यायालये कामावरचे नियंत्रण कोणाकडे आहे ते पाहतात, आणि प्राप्तिकर अधिकारीही तोच प्रश्न विचारू शकतो. म्हणून सवलतीच्या भरवशावर होकार देण्याआधी कराराचा मसुदा सनदी लेखापालाला दाखवावा. त्यात नोटिशीचे कलमही पाहावे : आज दोन-तीन महिन्यांची असलेली मुदत तिथे पंधरा दिवसांवर आलेली असू शकते.