देशातली पहिली रेल्वे सीएसएमटीच्या आजच्या इमारतीतूनच सुटली होती का?

नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा ही इमारत नव्हतीच. तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला साधारण दहा वर्षं लागली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं. १९९६ ला ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं गेलं. जुनी माणसं अजून व्हीटीच म्हणतात.

मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेठ यांनी जो पाठपुरावा केला, त्याची आठवण या स्टेशनच्या संदर्भात आवर्जून ठेवायला हवी.

खरी श्रीमंती दगडात आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: एक ब्रिटनचा, दुसरा भारताचा. घुमटावरची स्त्रीमूर्ती प्रगतीची. नक्षीकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता, आणि मला याचंच सर्वांत जास्त कौतुक वाटतं. लोकलच्या तिकीटघरात एकदा मान वर करून बघा, छतावर चांदण्या दिसतील.

२००४ मध्ये युनेस्कोने या इमारतीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. नीट बघायची असेल तर रविवारी सकाळी जा आणि समोर महापालिकेच्या बाजूला उभे राहा. ती महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच.