गिळला गेलेला ‘नाही’

प्रश्न : मी २३ वर्षांचा असून कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातील एका गावात राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यानंतर दीड वर्षापासून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात डिस्पॅच (माल रवाना करणे) आणि ग्राहकांशी संपर्क ही दोन्ही कामे पाहतो. पुण्यातील खरेदी अधिकाऱ्यांना आमच्याकडून बहुतेक निरोप व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजने जातात. गेल्या महिन्यात मी, ‘साहेब, मशीन शॉपला जरा लोड हाय, कोअरचापण प्रॉब्लेम झालता, तर ते चारशे नग शनवारी निघणार न्हाईत’ असा निरोप पाठवला (कोअर म्हणजे ओतकामात पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा). त्यांना ‘निघणार’ एवढेच ऐकू आले, त्यांनी गाडी पाठवली आणि ती रिकामी परत गेली. भाड्याचा भुर्दंड आमच्यावर बसला. मालक म्हणाले, ‘तुझं बोलणं गावठी आहे, जरा कम्युनिकेशन सुधार.’ राजारामपुरीतील एका क्लासला सहा महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा कोर्स लावावा, की हे काम सोडून शॉप फ्लोअरवर जावे, हे कळत नाही. आवाजात मुळातच दोष असेल तर तो सुधारतो का?

उत्तर : तुम्ही पत्रात नेमके वाक्य उतरवून पाठवलेत, हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक विद्यार्थी ‘माझे कम्युनिकेशन कच्चे आहे’ एवढेच लिहितात आणि मग उत्तरही तेवढेच मोघम द्यावे लागते. तुमचे वाक्य मी मोठ्याने तीन-चार वेळा म्हणून पाहिले. त्यात ‘हाय’ आहे, ‘झालता’ आहे, ‘शनवारी’ आहे, आणि यांपैकी एकाही शब्दाने गाडी बोलावलेली नाही. पुण्याच्या अधिकाऱ्याला ‘शनवारी’ म्हणजे कोणता वार हे बरोबर कळले, म्हणून तर गाडी शनिवारीच आली. गाडी आणली ती ऐकू न आलेल्या शेवटच्या एका शब्दाने. तेव्हा मालकांचे निदान मला मान्य नाही, त्यांचा राग मात्र समजण्यासारखा आहे.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागे येतो. हिंदीत ‘माल शनिवार को नहीं निकलेगा’ म्हणताना नकार क्रियापदाच्या आधी येऊन जातो, इंग्रजीतही तो लवकर येतो. मराठीत मात्र ‘माल शनिवारी निघणार’ एवढे झाल्यावरही ऐकणाऱ्याला खरा निर्णय कळलेला नसतो. बोलणाऱ्याचा श्वास नेमका याच ठिकाणी संपत आलेला असतो, आवाज खाली उतरतो आणि ‘नाही’चा ‘ना’ कसाबसा उमटतो. समोरासमोर बोलताना यामुळे अडत नाही, कारण आपली मान हलते, हात हलतो, चेहरा सांगतो. ध्वनिमुद्रणात यातले काहीच उरत नाही. त्यात तुमच्यामागे कॉम्प्रेसर चालू असणार, आणि व्हॉइस मेसेज पाठवताना आपण सगळेच जी घाई करतो, म्हणजे शेवटचे अक्षर तोंडातून बाहेर पडण्याआधीच बटणावरचे बोट उचलतो, तीही तुम्ही केली असणार. शेवटचा शब्द उच्चारल्यावर मनात ‘एक’ म्हणावे आणि मग बोट उचलावे. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

मात्र बोट उशिरा उचलणे ही झाली मलमपट्टी. मूळ उपाय वाक्याच्या रचनेत आहे. तुमच्या निरोपात आधी कारणे आली, नंतर नगांची संख्या, मग वार आणि सर्वांत शेवटी निर्णय. घरच्या माणसाला आपण असेच सांगतो, कारण वाईट बातमी एकदम सांगणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. दिवसाला पन्नासेक निरोप ऐकणारा खरेदी अधिकारी मात्र पहिल्या वाक्यातच काम शोधतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज २०१३ मध्ये आले आणि २०२१ पासून ते दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय झाली. तुमचा निरोप त्या वेगाने ऐकला गेला असेल, तर दबलेला ‘न्हाईत’ हाती लागण्याची आशा आणखी कमी. म्हणून निर्णय आधी सांगावा, आणि जमेल तिथे नकारार्थी क्रियापदाऐवजी होकारार्थी क्रियापद वापरावे. ‘गाडी पाठवू नका’ यातील ‘नका’सुद्धा शेवटीच येतो आणि तोही गिळला जाऊ शकतो. त्याऐवजी असे म्हणून पाहा : ‘नमस्कार साहेब. शनिवारची गाडी रद्द करा. गाडी सोमवारी, सकाळी अकराला पाठवा. चारशे नग सोमवारी तयार असतील. कोअरमुळे दोन दिवस उशीर झाला आहे.’ यातला कोणताही एक शब्द हरवला तरी अर्थ उलटा होत नाही, कारण ‘रद्द’ आणि ‘सोमवार’ एकमेकांना सांभाळून घेतात.

दुसरा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि तो आवाजाचा नाहीच. कोणती गोष्ट बोलून पाठवायची आणि कोणती लिहून, हा विवेक तुमच्या कारखान्यात कोणी शिकवलेला दिसत नाही. आवाजात सूर असतो. उशीर का झाला, आम्ही काय करत आहोत, दिलगिरी किती मनापासून आहे, हे बोलण्यातून लिखाणापेक्षा चांगले पोहोचते. पण बोललेला निरोप नजरेखालून घालता येत नाही. त्यातला आकडा हवा असेल तर पुन्हा ऐकावे लागते. त्यामुळे तारीख, वार, नगांची संख्या, ड्रॉइंग क्रमांक, दर आणि गाडी क्रमांक या गोष्टी व्हॉइस मेसेजच्या खाली एका ओळीत टाईप करायच्याच. ‘शनिवार रद्द. सोमवार, स. ११, ४०० नग.’ एवढी ओळ त्या दिवशी गेली असती तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते. ऑर्डर, दरातील बदल आणि रिजेक्शनचा, म्हणजे ग्राहकाने नाकारलेल्या मालाचा, वाद तर ईमेलवरच हवा.

आपल्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्याकडे या दृष्टीने पाहा. तिथे भाव मोठ्याने पुकारला जातो खरा, पण तो कागदावर उतरल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. विमानतळावरचा नियंत्रक वैमानिकाला महत्त्वाची सूचना देतो तेव्हा वैमानिकाला ती परत बोलून दाखवावी लागते. फोनवर बोलताना तुम्हीही शेवटी ‘साहेब, मी एकदा वाचून दाखवतो’ असे म्हणण्याची सवय लावा. कोणताही खरेदी अधिकारी याला गावठीपणा म्हणणार नाही.

आकड्यांबाबत थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या धंद्यात पैसा त्यातच बुडतो. वाक्याचा शेवट जसा गिळला जातो तशी काही मराठी संख्यांची सुरुवात गिळली जाते. ‘एकोणसाठ’मधील ‘एकोण’ दबले की ‘साठ’ उरते, ‘एकोणऐंशी’चे ‘ऐंशी’ होते. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांची गफलत सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून संख्या सांगून लगेच तिचे अंक सुटे करून सांगावेत : ‘एकोणसाठ, पाच नऊ.’ मापे सांगताना तर ‘पॉइंट शून्य पाच’ आणि ‘पॉइंट पाच’ यांत दहापटीचा फरक असतो, हे डिप्लोमा झालेल्या तुम्हाला मी सांगायला नको. त्यातला ‘शून्य’ कधीही घाईत म्हणू नये. ड्रॉइंगच्या रिव्हिजनचे (सुधारित आवृत्तीचे) अक्षर फोनवर नुसते ‘बी’ किंवा ‘डी’ म्हणू नये, ‘डी फॉर दिल्ली’ म्हणावे. जुन्या पद्धतीच्या फोनच्या तारेवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज जातो, आणि व्यंजनांना एकमेकांपासून वेगळे करणारा बराचसा बारीक आवाज त्याच्या वर असतो. आजच्या मोबाइलवर हा पट्टा रुंदावला आहे, तरी रेंज कमी असली किंवा पलीकडचा माणूस स्पीकरवर ऐकत असला की ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ ही सगळी एकाच घरची वाटतात. इतरांना ऐकू येत नाही, यात दोष नेहमी बोलणाऱ्याच्या गळ्याचा नसतो.

आता ‘आवाजात मुळातच दोष’ याविषयी. स्वतःचा मुद्रित आवाज ऐकून तुम्ही बिचकला असाल, अशी मला शंका आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांमधूनही येतो आणि हाडांमधून येणारा आवाज अधिक भरदार असतो. मुद्रणात फक्त हवेतला आवाज उरतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. हा अनुभव सर्वांचा आहे. मी स्वतः एका कार्यशाळेसाठी भाषण मुद्रित केले आणि नंतर ऐकले तेव्हा आवाज तर आवडला नाहीच, शिवाय दर दुसऱ्या वाक्यानंतर मी ‘बरं का’ म्हणतो, हा शोध लागला; इतकी वर्षे विद्यार्थ्यांनी तो माझ्यापासून लपवून ठेवला होता.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी एका लेखात त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली. त्या यादीत पहिला उपयोग होता तो पत्रे आणि मजकूर बोलून उतरवून घेण्याचा, तिसरा होता स्पष्ट वक्तृत्व शिकवण्याचा. संगीत त्यानंतर आले. तुमच्या खिशातील फोन हे दोन्ही उपयोग फुकट देतो, म्हणून क्लासची फी भरण्याआधी एक महिना पुढील गोष्ट करून पाहा. रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कारखान्याच्या आवाजापासून दूर जाऊन, त्या दिवशी खरोखर पाठवायचा असलेला एखादा निरोप फोनच्या रेकॉर्डरवर मुद्रित करा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा माइकवर आदळणार नाही. तो लगेच ऐकू नका, कारण काय बोललो हे आठवत असते आणि न उमटलेला शब्दही कानाला ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसा आणि ऐकू येईल तेवढेच लिहा. आठवड्यातून एकदा तोच निरोप बहिणीला किंवा वडिलांना ऐकवा, ज्यांना तुमच्या कामातले काही ठाऊक नाही, आणि वार, वेळ व संख्या त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांच्या कागदावर जे चुकले असेल, तेच तुम्हाला सुधारायचे आहे, बाकीचे नाही. फोनवर बोलून मराठी टाईप करण्याची सोय आहे, तिच्यावर फार विसंबू नका; यंत्र मागचापुढचा संदर्भ पाहून न ऐकलेला शब्दही अंदाजाने भरते, आणि तुम्हाला असा दयाळू परीक्षक नको आहे.

कोल्हापुरी बोली सोडावी का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मालकांचा ‘गावठी’ हा शब्द तुम्हाला लागला आहे, हे पत्रातून दिसते. ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याला ‘काय म्हणतासा?’ असे विचारण्यात जो आदर आणि आपलेपणा आहे तो प्रमाण मराठीत आणायला दोन वाक्ये खर्च करावी लागतात. ते घालवू नका. मुद्रित निरोपाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो ज्याला पाठवला त्याच्यापाशी थांबत नाही. खरेदी अधिकारी तो स्टोअरला पाठवतो, स्टोअरमधून तो अकाउंट्सला जातो, आणि तिथला माणूस कदाचित बेळगावचा किंवा नागपूरचा असतो. म्हणून मुद्रणात प्रमाण शब्द वापरावेत, थट्टा करू नये, दुसऱ्या ग्राहकाचे नाव किंवा दर घेऊ नये. समोरच्याचा फोन मुद्रित करायचा असेल तर आधी त्याला विचारावे. न सांगता केलेले मुद्रण उघड झाले की अनेक वर्षांचा विश्वास एका दुपारी जातो.

स्पोकन इंग्लिशचा कोर्स आज लावू नये, असे माझे मत आहे. झालेली चूक मराठीत झाली होती आणि ती इंग्रजीच्या क्लासने दुरुस्त होणार नाही. पुढे चेन्नई किंवा गुजरातकडचे ग्राहक तुमच्याकडे आले तर इंग्रजी आणि हिंदी दोन्ही लागतील, तेव्हा क्लास अवश्य लावा. पण प्रवेश घेण्यापूर्वी तिथे एकच प्रश्न विचारा, की विद्यार्थ्याचे बोलणे मुद्रित करून त्याला परत ऐकवले जाते का. उत्तर नकारार्थी असेल आणि हाती फक्त छापील वाक्यांचे पुस्तक मिळणार असेल, तर फी वाचवा.

शॉप फ्लोअरवर जाण्याचा विचार मशीनची आवड म्हणून असेल तर त्यावर आपण स्वतंत्रपणे बोलू. गाडी रिकामी गेली म्हणून असेल तर थांबा. ड्रॉइंग वाचता येणारा, कोअर म्हणजे काय हे जाणणारा आणि ग्राहकाला तो उशीर पाच वाक्यांत समजावून सांगू शकणारा माणूस शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात सहज मिळत नाही. पहिल्या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत. मालकांना मात्र या आठवड्यातच एक सूचना करा : डिस्पॅचचा प्रत्येक व्हॉइस मेसेज गेल्यावर त्याखाली वार, वेळ आणि नग यांची ओळ जाईल, आणि ग्राहकाचे ‘ओके’ आल्याशिवाय तो निरोप पोहोचला असे धरले जाणार नाही. भाड्याच्या भुर्दंडाची आठवण ताजी आहे, तोवर ते ही सूचना ऐकतील.