स्लॉट मशीनवर डाव थोडक्यात हुकला की पुन्हा खेळावेसे का वाटते?

स्लॉट मशीन या जुगाराच्या यंत्रावर फिरणारी चिन्हे जुळली तर पैसे मिळतात. ती जुळता जुळता राहून थोडक्यात हुकलेला डाव हिशेबाने निव्वळ पराभवच असला, तरी मेंदू त्याची नोंद काही अंशी विजयासारखी घेतो आणि म्हणून खेळत राहण्याची ओढ वाढते. केंब्रिज विद्यापीठातील ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पैसे जिंकल्यावर सक्रिय होणारे मेंदूतील काही भाग डाव जरासा हुकल्यावरही सक्रिय झालेले दिसले. गंमत अशी की, असे हुकणे साफ हरण्यापेक्षा अधिक अप्रिय वाटल्याचे सहभागी व्यक्तींनी सांगितले, पण पुन्हा खेळण्याची त्यांची इच्छा मात्र वाढली. आणि तीही जुळवायचे चिन्ह त्यांनी स्वतः निवडले होते तेव्हाच, संगणकाने निवडले तेव्हा नाही. माझ्या मते सगळ्यात बोलका निष्कर्ष हाच आहे, कारण नेमबाजीसारख्या कौशल्याच्या खेळात ‘थोडक्यात हुकले’ याला अर्थ असतो, नेम सुधारत असल्याची ती खूण असते. स्लॉट मशीनची प्रत्येक फेरी मात्र आधीच्या फेरीपासून पूर्णपणे स्वतंत्र असल्यामुळे तेथे सुधारण्यासारखे काहीच नसते, तरीही आपण निवड केली एवढ्यावरून खेळ आपल्या हाती असल्याचा भास होतो. अर्थात, हा परिणाम सर्वच प्रयोगांत आढळलेला नाही. त्यामुळे जुगाराच्या व्यसनाचे हे एकमेव कारण मानता येणार नाही.